टीप क्रमांक चौदा

साहेबांनी यादी दिली बारा पुस्तकांची.
भारतात पैसा कुठे लावावा, कुठून काढावा,
यंत्रं कुठवर येतील, मग माणसं कुठे जातील,
बाजार कशाला भाळतो आणि कशाला बिचकतो.
'महिनाभरात वाच, अनुलेखा,' म्हणाले,
'मग बोलू तागाच्या शेअरांबद्दल.'

तिसऱ्या पुस्तकात होते मी,
दुपारची लायन्स रेंजच्या फुटपाथवर,
जिथे दलाल ओरडून भाव करायचे म्हणे
आणि आता एक लिंबूवाला ओरडतो.
सापुईकडून झालमुडी घेतली, दहाची.
मोहरीचं तेल कागदात उतरलं
तशी कागदातली अक्षरं वर आली:
टीप क्रमांक चौदा.
'कामगारांच्या ग्रॅच्युइटीपोटी देय रकमेची
तरतूद करण्यात आलेली नाही, कारण'

कारण चिकटवलेल्या कडेखाली गेलं होतं.
नखाने उकललं. खळ पक्की होती.
कारण फाटलं.

दुसरी पुडी घेतली. तिच्यात आठवीचा भूगोल,
गंगेच्या उपनद्या, दहापैकी चार.
तिसरीत लग्नातल्या बँडचे दर.
चौथीत अध्यक्षांचं भाषण,
'तात्पुरत्या अडचणीं'पर्यंत.
सापुईची सुरी मिरचीवर थांबली.
'दीदी, एवढी भूक?'
म्हटलं, वाचतेय.
तो हसला नाही.
'मग टिटागढला जा. मलिना जाना.
माझ्या सगळ्या पुड्या तिच्याच हातच्या.'

नदीकडेच्या कामगारवस्तीला तिथे लाइन म्हणतात.
सहा नंबर लाइनमध्ये, मांडीवर पाट, पाटावर खळ,
मलिनादी बोलत होती माझ्याशी
आणि बोटं त्यात नव्हतीच, ती आपली कागद दुमडत होती.
गिरणीच्या ऑफिसातली रद्दी. टाळं लागल्यावर
दरवानाने विकली, तिने वजनावर घेतली, उधारीने.
नवरा त्याच गिरणीत, स्पिनिंगला, एकतीस वर्षं.
तागाची तूस छातीत घेऊन गेला,
बाकी काही घेऊन आला नाही.
इंग्रजी येत नाही तिला.
गिरणीचा शिक्का तेवढा ओळखते,
आणि आकड्यांच्या उतरंडी,
ज्यांच्या तळाशी दुहेरी रेघ असते.

मी तेलकट पुडी उलगडून वाचून दाखवली.
बोटं थांबली.
'असं छापलंय? छापून ठेवलंय?'
हो.
'कुठल्या साली?'
साल सांगितलं. तिने पेरांवर मोजलं,
एकदा, मग अंगठा परत पहिल्या पेरावर नेऊन, पुन्हा.
'तेव्हा तर भोंगा वाजत होता,' म्हणाली.
'कार्तिकची नऊ वर्षं बाकी होती तेव्हा.
त्या पूजेला त्याने मला पितळी समई आणली.'

ताळेबंदापासून टाळेबंदीपर्यंत
एका अक्षराचं अंतर. आणि नऊ वर्षांचं.
कागद उलटला. मागच्या बाजूला गंगाजळीचा आकडा,
भरघोस, स्वल्पविरामांनी सजलेला.
दाराबाहेर गंगा,
गिरणीच्या धक्क्याला एकही बोट नाही.

मग आम्ही दोघींनी पोतं उपसलं.
शेजारची पोर टॉर्च धरून उभी.
तेरा सापडली, सतरा सापडली,
संचालकांचे फोटो सापडले, सगळे टाय लावलेले,
एकाला कुणीतरी पेनने मिशी काढलेली.
'ही यांनीच काढली असणार,' मलिनादी म्हणाली
आणि तो कागद बाजूला ठेवला, पाटाखाली.
कारण मिळालं नाही.
कुठल्या तरी स्टेशनावर
कुणाच्या तरी मुठीत असेल, शेंगदाण्यांसकट.

निघताना तिने माझी पुडी मागून घेतली,
तळहाताने सपाट केली,
आणि समईखाली सरकवली.
मला त्या बदल्यात पन्नास कोऱ्या, नुकत्या वाळलेल्या पुड्या.
पैसे घेईना.

सोमवारी साहेबांनी विचारलं,
'कुठवर आलीस?'
म्हटलं, चौदापर्यंत.
'यादी बाराची होती,' ते म्हणाले.