वडगावात, कादंबरी परत करताना

सहाशे बारा पानं.
हुंदरे मास्तरांनी कपाटातून काढताना धूळ झटकली, म्हणाले,
"आपल्याच भागातली गोष्ट आहे. खानापूरकडची."
म्हणून घेतली.
कव्हरवर घोडा, घोड्यावर तो,
आणि खाली तिचे डोळे, अर्धे मिटलेले,
रात्रपाळी करून आल्यासारखे.

कांड्या भरता भरता वाचली.
एका हातात चाक, दुसऱ्यात धागा,
पुस्तक गुडघ्याशी, त्यावर किलोचं वजन.
धागा तुटला की पान उलटायचं.
सुरवातीला वाटायचं, तुटावा.
चाळीस पानांनंतर वाटेना.

त्याला भूक लागत नाही.
तीन दिवस रानातून दौडतो, घोडासुद्धा खात नाही.
ती पहाटे महालात शालू नेसून,
दुपारी झरोक्यात शालू नेसून,
भुयारातून पळते तरी काठ मळत नाही.
आम्ही विणतो म्हणून सांगते,
त्या जरीच्या वजनानं बाई शंभर पावलं पळायची नाही.
मग संध्याकाळी दोघं नावेत बसतात,
वल्ही सोडून देतात,
आणि प्रवाह त्यांना नेतो मावळतीकडे, थेट सूर्याच्या बिंबात.

आमची मलप्रभा उगवतीला जाते.
कणकुंबीत मी पाय घालून बघितलंय.
एवढ्यासाठी पुस्तक मिटू नये, कळतंय मला.
खरं, नदीच उलटी वाहवल्यावर
माणसांवर भरवसा कसा ठेवायचा?

पान अठ्ठ्याऐंशीवर एक दासी आहे.
नाव नाही.
त्याचं पत्र घेऊन पलीकडच्या तीराला जाते,
रात्रीची, नदी फुगलेली असताना.
निघताना म्हणते, "बरतीनी री."
अख्ख्या पेशवाईत तेवढं एकच वाक्य
आमच्या गल्लीत बोलतात तसं.
चाक थांबलं माझं.
पुढच्या पानावर पत्र पोचलेलं आहे.
तिचं काय झालं, कुठं लिहिलेलं नाही.

मी अकरा वर्षांची असताना
सुंदरमावशीच्या चिठ्ठ्या आणत होते,
कांड्यांच्या बुट्टीत, सुताखाली.
तो सांबऱ्याला शाळेत कन्नड शिकवायचा. मल्लेशी बागेवाडी.
मराठी बोलायचा, लिहायला यायची नाही,
म्हणून आमची मराठी त्याच्या अक्षरात लिहायचा.
मावशीला ती अक्षरं येत नव्हती. मला यायची.
माग खडखडत असताना
तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचायची मी:
छत्री तुमच्याकडं राहिली. असू दे.
पगार झाला नाही. बुधवारी येतो.
जेवलात का.
मावशी म्हणायची, "शेवटचं परत वाच."
जेवलात का.
"परत."

सहाशे बारा पानांत
तो तिला चंद्र म्हणतो, हरिणी म्हणतो, वीज म्हणतो.
जेवलीस का, म्हणत नाही.

मावशीचं पुढं काय झालं ते सांगत बसत नाही.
छत्री लई दिवस खुंटीला होती.

दोनशे चौदाव्या पानात बसचं तिकीट सापडलं,
कन्नडात छापलेलं, नंदगड ते खानापूर.
माझ्या आधीचं कुणीतरी इथंच उतरलेलं.
मी शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, डिपॉझिट भरलं होतं.
शेवटी तो तलवार ठेवतो, ती फूल ठेवते,
आणि लेखक दोन पानं आभार मानतो.

आज परत दिली. दंड चार रुपये.
"कशी काय वाटली?"
"बरी आहे की. जाड आहे."
मास्तर हसले, शिक्का मारला.
तिकीट होतं तिथंच ठेवलंय.
आणि अठ्ठ्याऐंशीवर, समासात, पेन्सिलीनं,
मास्तरांना चष्म्यातून दिसणार नाही इतक्या बारीक,
एकदा मराठीत, एकदा कन्नडात:
ही परत आली का?