जाबदार

पाकीट कंपनीच्या पोस्टपेटीत आलं,
सोहारला, मार्चात. वर खेडच्या कोर्टाचा शिक्का,
आत माझं नाव, नावापुढे : जाबदार.
शाजीनं विचारलं, पगारवाढ का रे?
म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

सात पानं. रात्रपाळीनंतर
बंकवर पडून मोबाइलच्या उजेडात वाचली.
कलम चार : एकोणीस दिवस एकत्र नांदलो.
खरं. मी अठराच धरून चाललो होतो.
कलम सहा : नेतो म्हणाले, नेलं नाही.
खरं.
कलम नऊ : दोन वर्षांत एकही फोन नाही.
इथे थांबलो.
केले होते, श्रुतिका. रिंग वाजायच्या आत कापले होते.
ते कुठल्या कलमात बसतात?

वकील म्हणाला, तीस दिवसांत कैफियत द्या.
कैफियत!
आणि वकीलपत्रावर दूतावासाचा शिक्का.
रजा टाकून मस्कतला गेलो, दोनशे किलोमीटर.
टोकन सत्तेचाळीस. सेहेचाळीस चालू होतं तेव्हा
काचेआडचा माणूस जेवायला उठला,
आणि मीही उठलो.
कॉर्निशवर बसून पाव किलो खजूर संपवला.

तीस गेले, नव्वद गेले.
शेरा पडला : कैफियत नाही, एकतर्फी चालवावे.

वाटलं होतं, गप्प राहिलं की आपोआप सुटतं.
तसं नसतं. माझ्या गप्प राहण्यापायी
तिला उभं केलं पिंजऱ्यात,
शपथेवर पुन्हा सगळं, एकोणीस दिवसांसकट.
मग तिच्या भावाची साक्ष.
लग्नातला फोटो आता निशाणी बावीस.
उलटतपास : नाही.
असता तर मी एकच विचारलं असतं,
त्या फोटोत तू हसतेयस ते कशाला?

तिथे साडेबारा म्हणजे इथे अकरा.
पट्टेवाल्यानं जिन्यात येऊन पुकारलं असेल,
रुपेश शिगवण हाजिर है, तीनदा, सवयीनं,
खाली चहावाल्यानं मान वर केली असेल.
त्याच सुमाराला भट्टीपाशी
मिसरी सुपरवायझर डोकी मोजत होता. रूबीश?
हादिर, म्हणालो.
शब्द इथलाच,
आपल्याकडे येऊन कोर्टात लागला इतकंच.

निकाल वकिलानं मोबाइलवर पाठवला.
आडनावात एक वेलांटी चुकलीय,
दुरुस्तीला वेगळा अर्ज लागतो म्हणे.
राहू दे.
जाबदार गैरहजर. अर्ज मंजूर.
शेवटची ओळ बोटांनी मोठी करून वाचली :
खर्चाबाबत हुकूम नाही.