चांदणी

इद्रियाच्या डोंगरात मी एका क्रियापदामागे आलो होतो.
लेंचकाबाईंनी पीठ मळता मळता विचारलं,
डब्यात काय?
कार्डं, म्हटलं. 'भाजणे'ची. साठ आहेत.

मग दाखवत गेलो.
पेकों, मी भाजतो. टोकाचा स्वर नाकात शिरतो,
धूर शिरावा तसा.
पेचेशि, तू भाजतोस. इथे क चा च झाला,
पुढे ए येऊन बसला म्हणून.
जिभेला शेजार लागतो.
संस्कृतातही तेच, पक्व, पण पचति;
इतक्या कोसांवर तीच चूल, तीच घसरण.
आणि शेवटची इ इतकी आखूड
की ओठ मिटेपर्यंत विझायची.

एवढं कोण बोलायचं, त्या हसल्या.
दलदलीकाठचे लोक, बहुतेक. नक्की नाही.
कुणी लिहून ठेवलं नाही.
नातवंडांची नाकं बघून
पणजीचा चेहरा काढावा, तसं आमचं काम.

बरं, भाजू या, म्हणाल्या.
पण म्हणाल्या पेचेवा:
आपण दोघं, तिसरं कुणी नाही.
मला वाटलं, मी आणि त्या.
त्या भट्टीलगतच्या बाकाकडे बघत होत्या,
जिथे एक उशी होती, मधोमध दबलेली.
येर्नेयला जाऊन अकरा वर्षं झाली,
सकाळीच पाद्रीबाबा म्हणाले होते.
मी कार्डावर लिहिलं: द्विवचन, जिवंत.
'जिवंत' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

पाव आत गेल्यावर त्यांनी चष्मा लावला.
शब्दाआधी ही चांदणी कसली?
म्हटलं, हा शब्द कुठेच सापडलेला नाही,
आमचा अंदाज आहे.

आमच्याकडे दगडावर चांदणी म्हणजे जन्म, त्या म्हणाल्या.
चांदणी, साल. मग क्रूस, साल.
येर्नेयचं दोन्ही आहे.
खाली माझंही नाव कोरून घेतलंय, एकदमच स्वस्त पडलं:
चांदणी, चौतीस,
पुढे गुळगुळीत दगड.

कार्ड त्यांनी उलटून पाहिलं.
ह्याचा क्रूस कुठाय?

मी उत्तर शोधत होतो
तोवर त्या उठल्या, पाव ओढून काढला,
उलटा धरून बुडावर टकटक केलं,
कान लावला.
अजून भाजतोय, म्हणाल्या. पेचे.
टोकाचा त केव्हाच झडलेला.