पाव मिलिलिटर

रात्री पावणेतीनला
वरच्या मजल्यावरून जांभळ्या टोपणाची नळी आली.
चिठ्ठीवर नाव नाही, नुसतं
बेबी ऑफ महादेवी बिराजदार, मु. पो. उमदी, ता. जत.
सत्तावीस आठवडे. नऊशे दहा ग्रॅम.
टाचेतून काढलेलं पाव मिलिलिटर.

कपभर चहाएवढंही रक्त नसतं
अशा पोरांच्या अख्ख्या अंगात,
त्यातलं एवढं माझ्या हवाली.
सांडलं तर पुन्हा मागायला तोंड नाही.

मिरजेत एकोणीस वर्षं मी रक्त वाचतेय.
काचेवर थेंब ओढायचा जिभेच्या आकाराचा,
रंगवायचा, धुवायचा, वाळू द्यायचा,
मग भिंगाखाली मोजत बसायचं
न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती,
आग कुठं लागलीय आणि धावपळ केवढी.
मशीन मोजतंच.
इतका लहान जीव असला की
मी मशीनच्या मागून एकदा हातानं मोजते.

डॉक्टर आरवाडे म्हणतात,
पहिल्या आठवड्यातले हे आकडे
महिन्यानंतरचं फुफ्फुस सांगतात.
सांगतात म्हणजे, सुचवतात.
शब्द मागे घेताना ते चष्मा पुसतात.

माझा बाप हरिपुरात पेवांवर कामाला होता.
तोंड एवढंसं, खाली वीस-पंचवीस फूट खोल अंधार,
अंधारात हळद.
वर्षानं पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे.
ज्योत विझली तर खालची हवा मेलेली.
मी लहानपणी विचारलं होतं,
कंदिलाला कसं कळतं?
बाप म्हणाला, कंदिलाला काय कळायचंय.
तो फक्त आपल्या आधी उतरतो.

त्या रात्री न्यूट्रोफिल चढलेले,
प्लेटलेट पडलेल्या,
सीआरपी अठ्ठावीस.
मी आकड्याभोवती लाल गोल काढला, वर फोन लावला.
कोरे सिस्टर नुसतं ‘हं’ म्हणाल्या,
त्यांच्या मागं कुठलं तरी यंत्र
एकाच सुरात ओरडत होतं.

जिन्यात मुलीचा बाप बसलेला,
मांडीवर रिकामा थर्मास.
‘रगत बरं हाय का, बाई?’
तपासणी झाली, मी म्हणाले.
आम्हाला एवढंच बोलायची मुभा.
‘किती काढलं?’
मी करंगळीचं नख दाखवलं.
त्यानं ते नख बराच वेळ पाहिलं.
‘मंजे तिच्यात बरंच उरलं की.’

ज्योत मिणमिणली म्हणून पेव बुजवत नाहीत.
तोंडाशी घोंगडं हलवत बसतात,
वारा घालतात, तंबाखू मळतात, दुपार जाते.
पुन्हा सोडतात कंदील.

पुन्हा नळी आली, तिसऱ्या दिवशी.
सातव्या. अकराव्या.
एकदा सगळं खाली आलं, मला उगाच चहा गोड लागला.
दोन दिवसांनी पुन्हा चढलं.
मी तिला पाहिलेलं नाही.
तिच्या पांढऱ्या पेशी मात्र
बाजारात ओळखीचं कुणी दिसावं तशा दिसतात आता.
अठ्ठाविसाव्या दिवशीही नाकाशी ऑक्सिजन होताच.
आकडा खोटं बोलला नव्हता.
खरं बोलला
याचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

पुराच्या वर्षी पेवं खचली, बापाचं काम गेलं.
कंदील आमच्याकडे अजून आहे, माळ्यावर,
काचेवर पिवळट साय धरलेली.
पुसली तरी निघत नाही.

काल आलेल्या चिठ्ठीवर खाडाखोड होती.
‘बेबी ऑफ’ खोडून
वर निळ्या शाईत, ‘द’ची शेपटी रकान्याबाहेर,
दानम्मा.
वजन सोळाशे चाळीस.
ऑक्सिजन: अजून थोडा.

संगणक नवं नाव घेईना.
जुना नंबर, नवं नाव, दोन वेगळी माणसं समजला तो.
तीन वेळा भरलं.
मग काच पुसली, थेंब घ्यायला नळी उचलली.
अजून कोमट होती.