पाय पूस आधी

सिनेमावाले आमच्या डोंगरात आले
ट्रकभर खोटा बर्फ घेऊन.
खरा यंदा पडलाच नव्हता.

एर्सिलियाला विचारलं: तुमचे बंधू पोप व्हायच्या आधी,
लहानपणी, काही तेज वगैरे दिसायचं का?

चेस्टनट चोरायचा, ती म्हणाली.
मार मी खाल्ला.
मग रोममध्ये पांढरा झगा चढला
त्याच्या चौथ्या दिवशी पत्र:
‘एर्सी, ते मीच खाल्ले होते.’
बस, एवढंच. खाली सही घरातलीच, तीता.

दिग्दर्शकाने वही मिटली.

संध्याकाळी मेकअप न उतरवताच
नट पाणी मागायला दारात आला,
झग्याची कड चिखलात,
डावा खांदा जरा पडलेला.

म्हातारीची पळी भांड्यातच थांबली.
‘तीता, पाय पूस आधी.’

त्याने मुकाट पुसले.
कॅमेरा तेव्हा
खाली ट्रकमध्ये होता.