प्रतवारी

पणजीच्या दुकानात, पिवळ्या उजेडात, ते निर्दोष होतं.
वेंगुर्ल्याला आणून खिडकीशी धरलं
तर तिसऱ्या कप्प्याच्या कडेला एक टाका
रांगेतून जरा बाहेर सरकलेला,
आणि मागच्या अंगाला, बटणाच्या खाली,
मोहरीएवढा फिका ठिपका.

नऊ हजार चारशे.
पगाराच्या फरकाची रक्कम मिळाली, तिच्यातले.

दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.
पण माझं कामच ते.
बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात, ट्यूबलाइटखाली,
अख्खा एकीकडे, पाकळी एकीकडे,
तुकडा, कणी, करपलेला, डागी.
दाणा बोटांत येईस्तोवर
डोळ्यांनी निकाल दिलेला असतो,
बोटं नुसती शिपाई.

घरी आम्ही तुकडाच खाल्ला.
शिऱ्यात कणी,
मुलाच्या वाढदिवसाला फार तर पाकळी.
एकशेऐंशी नंबरचा दाणा
लाखांनी हाताळला असेल मी,
जिभेवर एकदाही ठेवला नाही.
एकदाच म्हटलं, अख्खा घेऊ.
आणि तोही डागी निघावा?

दुकानात फोन केला.
मुलगी गोड बोलली. म्हणाली, मॅडम,
खरं चामडं आहे ना, जनावराच्या अंगावरची खूण राहते कधी,
त्याला आम्ही दोष नाही म्हणत, तो त्याचा स्वभाव.
मनात म्हटलं, बाई गं,
आमच्या शेठना दुबईच्या व्यापाऱ्याला
असं एकदा सांगून बघू दे.
टाक्याबद्दल ती काहीच बोलली नाही.
पंधरा दिवसांत आणा म्हणाली,
न वापरलेलं, खोक्यासकट.

म्हणून पैसे सराफाच्या लाल पिशवीतच राहिले,
आणि पाकीट कपाटात, खोक्यात, मऊ फडक्यात,
त्याला बुरशी येऊ नये म्हणून
शेजारी तांदळाची पुरचुंडी.
रोज रात्री उघडून बघायची
टाका तिथेच आहे ना.
जणू तो सरळ झाला असता
तर माझीच फसवणूक झाली असती.

एकदा कारखान्यात नेलं.
फिलोमेनाने हुंगलं, उलटंसुलटं केलं,
प्रत खयची लावलंस, म्हणाली.
दुसरी.
ती हसली. पाकीट पैसे ठेवूक आसता गो, बघूक नाय.

त्याच दुपारी माझ्या ट्रेमधून
एक डागी दाणा अख्ख्यांत गेला.
तिनेच तो पकडला, काही न बोलता
माझ्यासमोर ठेवला.
मी घड्याळाकडे बघितलं. चार.
चारला डोळ्यांत वाळू येते,
मान दगडाची होते,
आणि सुट्टीला अजून दीड तास असतो.

तो टाका चारचा असणार.

चौदाव्या दिवशी रजा टाकून
पणजीची गाडी धरायला निघाले.
वाटेत बाजार. पेडवे आले होते,
चांदीसारखे, डोळे जागे.
वाटा घेतला, लाल पिशवीतून शंभर दिले.
पिशवीची चेन मिटेना.
कोळणीने ओल्या हाताने वीसची नोट परत दिली,
मी ती धरून उभी राहिले तशीच,
मागे एक बाई म्हणाली, सरका की.

तिथेच खोकं फोडलं.
नोट घातली तिसऱ्या कप्प्यात.
नोटेबरोबर एक खवलाही गेला असावा,
कारण दुसऱ्या दिवशी पाकिटाला
नऊ हजार चारशेचा वास राहिला नव्हता.

सवय झाली म्हणणार नाही.
अजून ते हातात आलं
की अंगठा आधी त्या ठिपक्यावर जातो,
आणि मग बटण उघडतं.

गाडी गेली होतीच.
घरी येऊन पेडवे धुतले,
त्यात दोन पोट फुटलेले.
बाजारात, भर उजेडात, दिसले नव्हते मला.
तेही तळले.