कोरी जागा

ईआर पॉझिटिव्ह. पीआर पॉझिटिव्ह. हर-टू निगेटिव्ह.
"म्हंजे चांगलं का वाईट?"
नरसव्वा गड्डम रिपोर्ट उजेडावर धरते,
चादरीच्या नक्षीचं कार्ड धरावं तसा.

तीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली तिनं.
भोक असलं की सुई आत, धागा वर.
नसलं की सुई माघारी.
"तसंच की, मावशी," डॉक्टर म्हणाले,
"तुमच्या गाठीला भोकं आहेत, गोळी शिरेल.
शेकालाही दाद देईल बहुतेक. पंधरा दिवस."

पंधरा खाडे, ती बोटांवर मोजते.
मग हळूच,
"आमच्या यल्लव्वाच्या कार्डावर
तिन्ही जागा कोऱ्याच होत्या, नाही का?"

विडी घरकुलच्या बसमध्ये
कागद ती घडी न घालता धरून बसते.
कार्डाला मोड पडली
की नक्षी चुकते.